डग्गा मोबाइलवर हरवतो, बेस गाडीत घुमतो: मास्टरिंगच्या आधी खुर्ची हलवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. घरातल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत तुम्ही पाच अभंग रेकॉर्ड केलेत. पट्टी काळी एक. साथीला तबला-डग्गा, पखवाज, पेटी, टाळ आणि खालून बेस गिटार. छत साडेनऊ फुटांवर, मॉनिटर (मिक्स ऐकायचे स्पीकर) पाच इंची वूफरचे, १२ फुटांच्या लांबीकडे तोंड करून तुम्ही खोलीच्या बरोबर मध्यावर बसता, भिंतींना फोम लावला आहे. तिथे बसून मिक्स भरदार वाटतो. पण गाडीत बेस गिटार मध्येच एखाद्या स्वरावर घुमते आणि मोबाइलवर डग्गा जवळजवळ नाहीसाच होतो. आणि तुम्ही विचारताय की मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, करताना ६० हर्ट्झ कापू की ९० वाढवू, आणि किती डीबी.

दोन्ही करू नका. मास्टरच्या इक्यूला (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं साधन) आत्ता हातच लावू नका. डग्गा आणि बेस गिटार या दोघांबद्दल तुम्ही मिक्समध्ये जे निर्णय घेतलेत ते त्या खुर्चीवर ऐकू आलेल्या आवाजावरून घेतलेत, आणि त्या खुर्चीवर खर्ज खरा ऐकू येत नाही. हे अंदाजाने म्हणत नाही. तुम्ही मापं दिलीत म्हणून आकडा काढता येतो.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट अडकून उभी राहते, ती सगळ्यात खालची कुठे उभी राहील हे काढायला ५६५ ला अंतराच्या फुटांनी भागायचं. तुमच्या १२ फुटांना ४७ हर्ट्झ येतात, १० फुटांना ५६, साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. मग त्यांच्या पटी: ९४, ११३, ११९. म्हणजे ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून बसलेत, ११३ आणि ११९ सुद्धा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असली की असंच होतं. आपल्या फ्लॅटमधल्या बेडरूम बहुतेक याच मापाच्या, त्यामुळे हा त्रास तुमच्या एकट्याचा नाही.

आता खुर्चीकडे या. दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर सगळ्यात खालच्या लाटेचा दाब जवळजवळ शून्य असतो आणि तिच्या दुपटीचा दाब सगळ्यात जास्त. म्हणजे तुमच्या जागी ४७ ऐकू येत नाही आणि ९४ फुगून येतो. बेस गिटारच्या जाड तारेवर दुसऱ्या पडद्यावर जो स्वर येतो, तो ४६ हर्ट्झचा. काळी एकमध्ये तो मध्यम. तुमचा बेसवाला मध्यमावर गेला की तुम्हाला तो बारीक वाटला असणार आणि तुम्ही बेस गिटारला ५०च्या आसपास वर घेतलं असणार. हे केलं आहे का, तुमच्या इक्यूत बघा. दुसरीकडे डग्ग्याच्या खुल्या ‘घे’चा मूळ स्वर बहुधा १०० हर्ट्झच्या खाली-वर असतो. तो ९४च्या फुगवट्यात सापडला, तुम्हाला डग्गा मोठा वाटला आणि तुम्ही त्याचा फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) खाली आणला. गाडीची केबिन छोटी आणि बंद, ती खालचा आवाज आपोआप वाढवते. तिथे तुमचा वाढवलेला मध्यम दणकन पुढे येतो. मोबाइलवर खालचं मुळात वाजतच नाही, त्यात डग्गा आधीच दाबलेला, म्हणून तो गेला. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच खुर्चीतून निघाल्यात.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, एका मॉनिटरवर ४७ हर्ट्झचा सरळ सूर हळू आवाजात लावा (पाच इंची वूफरवर जोर देऊ नका) आणि खोलीत समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीपाशी सूर अंगावर येईल, मध्यावर जवळजवळ बंद पडेल, पुन्हा मागे वाढेल. मी हे नव्या मुलांना नेहमी करायला लावतो, कारण पुस्तकात वाचून हे पटत नाही. चालताना स्वतःच्या कानाने सूर बंद पडलेला ऐकला की आयुष्यभर लक्षात राहतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे खुर्ची पुढे घ्या, समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा असा जो ढोबळ नियम सांगतात तो हाच. तो प्रत्येक खोलीत तंतोतंत लागू पडत नाही, पण सुरुवात तिथून करावी आणि अर्धा-अर्धा फूट पुढेमागे करून ऐकावं. मॉनिटर भिंतीपासून तीन फूट पुढे असतील तर तेही मागे सरकवा. स्पीकरच्या पडद्यापासून (कोन) मागच्या भिंतीपर्यंतच्या फुटांतल्या अंतराने २८२ ला भागलं की भिंतीवरून परत आलेला आवाज कुठे खड्डा पाडतो ते कळतं, आणि तीन फुटांना तो पडतो नेमका ९४ वर. भिंतीजवळ घेतलेत की खड्डा दोनशेच्या पुढे जातो आणि तिथे मागे लावलेलं पॅनेल त्याला पकडू शकतं.

फोमबद्दल स्पष्ट सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे फार जातात. दोन इंची फोम टाळीचा खणखणाट आणि चुटकीचा प्रतिध्वनी मारतो. शंभर हर्ट्झची लाट सव्वाअकरा फूट लांब आहे, तिला दोन इंचांचं काहीच वाटत नाही. उलट भिंती फोमने भरल्या की वरचा आवाज मरतो, खालचा तसाच राहतो आणि खोली आणखी कोंदट वाटते. त्याऐवजी कोपरे भरा. ४८ किंवा ६० घनतेचं रॉकवूल, चार ते सहा इंच जाड, मागे तेवढीच हवा सोडून, जमिनीपासून छतापर्यंत, वर कापड. सुताराकडून चौकट करून घेतली तर तयार वस्तूच्या बऱ्याच खाली पडतं. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला.

आणखी एक. अमेरिकेतले व्हिडिओ बघून खोली करताना एक फरक लक्षात ठेवा. तिकडच्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात, त्या खर्जाला थोड्या हलतात आणि त्यातला काही भाग खातात, काही बाहेर सोडतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती काहीच खात नाहीत. त्यामुळे तिकडे दोन कोपरे भरून जे साधतं, त्याला इकडे चार कोपरे लागतात.

मोजायचं असेल तर ‘रूम इक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजमापाचा साधा माइक घ्या आणि खुर्चीच्या जागी स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) चालवा. आलेख बघून घाबरू नका, घरगुती खोलीत दहा-पंधरा डीबीचे चढउतार सर्रास असतात. मात्र ते चढउतार इक्यूने सपाट करायच्या मागे लागू नका. फुगवटा थोडा खाली आणता येतो. खड्डा भरता येत नाही, कारण जितका आवाज तुम्ही ओताल तितकाच परत येऊन त्याला रद्द करतो.

हे मी इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग रात्री घरी मिक्स केलं होतं. शेजारी झोपलेले, म्हणून आवाज अगदी बारीक. बारीक आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं आणि मला ते परीक्षेपुरतं पाठही होतं. तरी मी रात्रभर डग्गा आणि पखवाज वाढवत गेलो. पुढच्या आठवड्यात सप्ताहाच्या मंडपात, मोठ्या स्पीकरांच्या, बेस-टॉपच्या दोन थप्प्यांवर ते लागलं. पखवाजाच्या प्रत्येक ‘धा’खाली अभंगाचे शब्द गाडले जात होते. मंडळातले एक आजोबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘बाळा, बुवा काय म्हणत्यात ते ऐकूच येईना.’’ तेव्हापासून मी मिक्स करताना व्हॉल्यूमची एक जागा ठरवून तिथे पट्टी चिकटवली आहे, गप्पा मारताना थोडा वरचा सूर लावावा लागेल इतका आवाज, आणि बेसचे सगळे निर्णय त्याच जागेवर.

आता रेकॉर्डिंगकडे येतो, कारण पुढचे अभंग करायचेत असंही तुम्ही लिहिलंय.

डग्ग्याचा माइक तुम्ही शाईपासून (पुडीवरचा काळा गोल) दोन-तीन इंचांवर ठेवलात असं दिसतंय. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक वाद्याच्या इतक्या जवळ आणला की तो स्वतःच खालचा आवाज फुगवतो. गायक माइकला तोंड लावून गातो तेव्हा आवाज जाड होतो, तेच इथे. त्या फुगवट्यात घुमारा खूप वाटतो पण त्यात स्वर नसतो, नुसता ढब्ब असतो. माइक एक वीत लांब न्या, मनगटाच्या विरुद्ध बाजूने, मैदानाकडे (शाईभोवतीची मोकळी पुडी) रोखलेला. मनगट सरकताना घुमारा चढतो-उतरतो, ती मींड हा डग्ग्याचा जीव आहे. ती पकडायची तर माइकला थोडं अंतर हवंच. एक वीत म्हणजे कमी की जास्त, ते तिथे मांडी घालून बसून, कान माइकच्या जागी नेऊन ठरवा. मी आजही दरवेळी असं करतो.

तबल्यावर एक आणि डग्ग्यावर एक असे दोन माइक असतील, तर एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. बटणावर तिरक्या रेघेचं शून्य असतं ते. ज्या बाजूला डग्गा भरतो ती बाजू ठेवा. हे करायला पाच सेकंद लागतात, आणि अनेकांचा हरवलेला बेस इथेच सापडतो.

पखवाजाचं वेगळं दुखणं आहे. डाव्या अंगाला ओली कणीक लावतात आणि तिच्या वजनाने आवाज खाली येतो. एसीच्या खोलीत ती कणीक टेकमागून टेक वाळत जाते, सूर वर चढतो आणि आवाजाला कोरडेपणा येतो. मग पहिल्या टेकचा पहिला अंतरा आणि पाचव्या टेकचा दुसरा अंतरा जोडला की जोड ऐकू येतो, आणि कुठलाही इक्यू तो लपवत नाही. दर दोन टेकनंतर पखवाजवाल्यांना कणकेला पाण्याचा हात लावायला सांगा आणि रेकॉर्ड केलेली पहिली ‘धा’ परत ऐकवून मिळवून घ्या. डग्गाही लावून घ्यायला सांगा. ‘डग्ग्याला कुठे सूर असतो’ म्हणून बरेच जण सोडून देतात. पण काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारचा षड्जही तिथेच, आणि डग्गा त्यांच्याशी भांडणारा असला तर संपूर्ण अभंगभर खाली एक गढूळपणा राहतो. गजऱ्यावर हातोडीचे चार ठोके आणि तो निघून जातो.

लो-कटबद्दल, म्हणजे ठरावीक आकड्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरबद्दल. सगळ्या ट्रॅकला डोळे मिटून १०० हर्ट्झचा लो-कट मारू नका. काळी एकमध्ये मंद्र पंचम १०४ हर्ट्झवर आहे. बुवा आलापात तिथे उतरले आणि तुमचा लो-कट १०० ला असला, तर त्यांच्या आवाजातलं वजन तुम्ही कापलंत. गायनाला ७० पुरे. पेटीला भात्याचा धक्का येत असेल तर ८०. टाळांना मात्र बेधडक ३००, कारण टाळांच्या माइकमध्ये खाली जे आहे ते टाळ नाहीतच, खोलीत फिरणारा पखवाज आहे, आणि तो उशिरा येऊन मूळ पखवाज पातळ करतो.

हमिंग येत असेल तर आपल्याकडे ते ५० हर्ट्झचं आणि त्याच्या पटीत १००, १५०. ते फिल्टरने काढायला गेलात तर १०० वर डग्गा बसलेलाच आहे, तोही जाईल. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. हम गेला तर तो चार्जरच्या वाटेने येत होता. नाही गेला तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मिक्समध्ये खर्जाची जागा एकाची ठरवा. अभंगात ती डग्ग्याची आणि पखवाजाची, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. ठेका हा अभंगाचा श्वास आहे. बेस गिटार नंतर आली, ती पाहुणी. लांब लांब स्वर धरून ठेवणारी बेस डग्ग्याची मींड गिळते. त्याला पहिला उपाय वाजवण्यातच आहे. बेसवाल्याला सांगा की स्वर लवकर सोड, समेवर ठेव, तिहाईत थांब. डीआयने (माइकशिवाय थेट वायरने) घेतलेली बेस परत वाजवायला एक संध्याकाळ पुरेल. ते जमणारच नसेल तर डग्ग्याच्या इशाऱ्यावर बेस गिटार ९०च्या आसपास दोन-तीन डीबी खाली जाईल असा डायनॅमिक इक्यू (गरजेपुरताच चालणारा इक्यू) लावा.

मोबाइलचं कोडं इथेच सुटतं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचं फारसं येत नाही. तिथे ६० किंवा ९० वाढवून काहीही होणार नाही, फक्त गाडीत आणखी घुमेल. पण कानाची एक देणगी आहे: वरच्या पटी ऐकू आल्या की मूळ स्वर नसला तरी मेंदू तो भरून घेतो. तानपुऱ्याची खर्जाची तार मोबाइलवर ‘ऐकू’ येते ती अशीच. म्हणून डग्ग्याची २०० ते ४०० ची पट्टी सांभाळा. ‘मडी’ वाटते म्हणून लोक तिथेच कापतात आणि मग मोबाइलवर डग्गा शोधत बसतात. त्याउपर डग्ग्याच्या ट्रॅकची एक प्रत काढून तिच्यावर थोडं सॅच्युरेशन (वरच्या पटी वाढवणारी हलकी विकृती) द्या, खालचं सगळं १५० पर्यंत कापा, आणि मूळ डग्ग्याच्या खाली इतकी हळू मिसळा की बंद केल्यावरच तिची उणीव कळावी.

इतकं झाल्यावर मास्टरिंगला फार थोडं उरतं. २०-२५ हर्ट्झला हलका लो-कट द्या, उताराचा हट्ट न धरता. तीव्र फिल्टर लाटांची वेळ हलवतो आणि कापल्यावर पीक कमी व्हायच्या ऐवजी कधी कधी वाढतो, हे पाहून गोंधळू नका. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावलात तर त्याच्या डिटेक्टरला, म्हणजे तो ज्यावरून आवाज मोजतो त्या भागाला, १०० चा लो-कट द्या, नाहीतर प्रत्येक ‘धा’ला बुवांचा आवाज दबेल. रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, फार जलद ठेवू नका. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, रिलीज त्याहून लहान असला तर कॉम्प्रेसर ठेक्याऐवजी लाटेच्याच मागे धावतो आणि बेस फाटतो.

शंभरच्या खालचं सगळं मधोमध ठेवा. एलपीच्या काळात ही सक्तीच होती, कारण डाव्या-उजव्यातला फरक म्हणजे सुईची उभी हालचाल, आणि खर्जात तो फरक मोठा झाला की सुई खाचेतून उडते. आज सुई नाही, पण मंडपातले बेस बहुतेक मोनोच वाजतात, आणि डावीकडे सरकवलेला, वर रुंद केलेला डग्गा तिथे निम्मा होतो.

लाउडनेसच्या मीटरवर एक खबरदारी. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) गाणी आणतं, म्हणून सगळे त्या आकड्याकडे बघतात. तो मीटर मुद्दामच खालच्या आवाजाला कमी मोजतो. लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारं साधन) मात्र सगळं मोजतो. खर्ज जास्त असलेल्या अभंगात मीटर ‘अजून जागा आहे’ म्हणतो आणि लिमिटर डग्ग्याच्या प्रत्येक थापेवर सहा डीबी खात असतो. लिमिटरची सुई बघा, आणि ती दोन-तीन डीबीच्या वर जाऊ लागली की आवाज वाढवणं थांबवा. अभंग उणे १६ वर राहिला तरी चालेल.

आता तुमच्या पाच अभंगांचं. आजच्या आज खुर्ची साडेचार फुटांवर घ्या आणि मिक्समधले डग्गा, पखवाज, बेस गिटार या तिघांचे इक्यू बायपास करून फेडर शून्य डीबीच्या खुणेवर आणा. काळी एकमधलाच, पखवाजाची साथ असलेला, तुम्हाला मनापासून आवडणारा एखादा जुना अभंग त्याच मॉनिटरवर सारख्याच आवाजात दिवसभर अधूनमधून ऐका, म्हणजे नव्या जागेवर खर्ज कसा वाटतो ते कानात बसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने आधी डग्गा आणि गायन एवढेच दोन ट्रॅक उघडून जमवा, मग पखवाज, आणि बेस गिटार सगळ्यात शेवटी. कोपरे भरून होईपर्यंत मध्यम येतो त्या जागा हेडफोनवरही तपासा, हेडफोनला खोली नसते. चौथ्या अभंगात पखवाजाचा सूर टेकमध्ये चढल्याचं तुम्ही लिहिलंय, तो मात्र मिक्सने सुटणार नाही. तेवढा पखवाज परत वाजवून घ्या.